परागवाहक कीटक घटले असे म्हणण्यापूर्वी: निरीक्षणातील या चुका टाळा

दोडक्याच्या मांडवात सकाळी दहा वाजता एकही मधमाशी दिसली नाही, म्हणून परिसरातील मधमाश्या संपल्या असे म्हणता येत नाही. दोडका आणि दुधी यांची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर रात्री हिंडणारे पतंगही येतात. याउलट लाल भोपळा आणि कारले पहाटेपासून सकाळपर्यंत भेटीला खुले असतात आणि उन्हे चढल्यावर त्यांची फुले मिटू लागतात. त्यामुळे वेलीची फुले कधी उमलतात हे आधी पाहावे आणि मगच मोजणीची वेळ ठरवावी. एका वर्षी सकाळी आणि दुसऱ्या वर्षी दुपारी केलेल्या मोजण्यांत जो फरक पडतो, तो बहुधा घड्याळाचा असतो.

वांगी आणि टोमॅटो यांच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. या फुलांतील पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतो आणि तो मोकळा होण्यासाठी फुलाला विशिष्ट कंप द्यावा लागतो. मधमाशीला हे जमत नाही; काळा सुतारभुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या राहणाऱ्या माश्या हे काम करतात. वांग्याच्या फुलांवर मधमाशी न दिसणे ही चिंतेची बाब नव्हे, भुंगे दिसेनासे होणे मात्र नक्कीच आहे. ‘परागवाहक म्हणजे मधमाशी’ हे समीकरण एकदा मनात बसले, की पाहणारा नेमके जे पाहायला हवे तेच सोडून देतो. शेजारच्या शेतात मधुपेट्या आल्या, की फुलांवरील माश्यांची संख्या वाढते, पण त्यावरून रानातील माश्या सुखरूप आहेत असे ठरत नाही. पेट्यांत पाळलेल्या सातेरी किंवा मेलिफेरा या मधमाश्या आणि झाडावरच्या आग्या व फुलोरी या रानमाश्या यांची नोंद म्हणूनच वेगवेगळी ठेवावी.

ऋतूचा फेरा आणि घट यांची गल्लत

आग्या माश्या फुलोऱ्यामागे स्थलांतर करतात. उंच झाडावरचे, कड्यावरचे किंवा पाण्याच्या टाकीखालचे पोळे रिकामे झाले, की ते नष्ट झाले असे गावात बोलले जाते. प्रत्यक्षात त्या माश्या अनेकदा दुसरीकडे गेलेल्या असतात आणि पुढच्या हंगामात तिथेच परत येऊ शकतात. सह्याद्रीतील कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच मोठ्या प्रमाणात फुलते. त्या वर्षीच्या माश्यांची गर्दी प्रमाण मानून पुढची वर्षे तोलली, तर दरवर्षी घसरणच दिसेल. काजव्यांचे तसेच आहे: भंडारदरा आणि राजमाची परिसरात ते पावसाळ्याच्या तोंडावर काही आठवडेच चमकतात, आणि पाऊस लवकर किंवा उशिरा आला की तारखा सरकतात. मागच्या वर्षी ज्या तारखेला गेलो त्याच तारखेला यंदा जाणे पुरेसे नाही. पहिला पाऊस कधी झाला हेही वहीत असायला हवे.

दिव्याभोवतीच्या किड्यांचा दाखला तर फारच जपून द्यावा. ‘पूर्वी रस्त्याच्या दिव्याखाली किड्यांचा सडा पडायचा’ हे खरे असेल, पण त्या काळातील पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांतून अतिनील किरण बाहेर पडत आणि कीटक त्याकडे ओढले जात. आजच्या एलईडी दिव्यांत ते जवळजवळ नसतात. दिवा बदलल्यावर किड्यांची गर्दी कमी होणे अपेक्षितच आहे. त्यातून पतंग घटले नाहीत असे सिद्ध होत नाही. या पुराव्याने दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही, इतकेच.

नोंद ठेवण्यातील चुका

जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो निष्कर्ष जगभर गांभीर्याने घेतला गेला, त्याचे मोठे कारण म्हणजे इतकी वर्षे एकाच प्रकारचे सापळे एकाच पद्धतीने लावले गेले होते. घरच्या बागेत सापळे लावण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांसाठी वापरली जाणारी पद्धत सोपी आहे: ठरावीक फुलझाडाचा अर्धा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन निवडायचा, दहा मिनिटे त्यावर येणारा प्रत्येक कीटक मोजायचा, आणि फुलांची संख्या, ऊन व वारा यांचीही नोंद करायची. आपल्याकडे तुळस, झेंडू किंवा सूर्यफूल यासाठी सोयीचे आहे. फुलांची संख्या लिहिली नाही, तर मोजणीचा उपयोग निम्म्याने कमी होतो, कारण दुप्पट फुलांवर दुप्पट माश्या येणे ही वाढ नव्हे.

‘काही दिसले नाही’ म्हणून त्या दिवशी काहीच न लिहिणे ही चूक वरवर किरकोळ वाटते, पण सर्वांत जास्त नुकसान तीच करते. वहीत फक्त चांगले दिवस उरतात आणि घट झाली तरी ती कागदावर उमटत नाही. शून्य हाही आकडा आहे.

जातीचे नाव ओढूनताणून लिहू नये. हवेत एका जागी स्थिरावणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या फूलमाशीला अनेकजण मधमाशी समजतात. मोठे डोळे, आखूड मिशा आणि पंखांची एकच जोडी ही तिची ओळख. शंका असल्यास ‘माशी’, ‘भुंगा’, ‘फुलपाखरू’, ‘गांधीलमाशी’ असे गटच लिहावेत आणि छायाचित्र जपून ठेवावे.

या चुका टाळूनही, सारख्या हवामानात सलग काही हंगाम आकडा खाली येत असेल, तर कारण शोधायला लागावे: बांधावरचे फुलझाड गेले का, भुंगे व एकट्या माश्या जिथे घरटी करतात ती जुनी लाकडे व मातीचे उघडे काठ नाहीसे झाले का, फवारणीचे औषध किंवा वेळ बदलली का. पोळ्याखाली एकाच दिवशी जिभा बाहेर आलेल्या मृत माश्यांचा खच दिसला, तर विषबाधेचा संशय घ्यावा. त्याच दिवशी छायाचित्र, तारीख आणि आसपासच्या फवारणीतील औषधाचे नाव लिहून कृषी कार्यालयाला कळवावे, कारण पुढच्या दिवसापर्यंत मुंग्या त्यातल्या बऱ्याच माश्या वाहून नेतात.