‘पॉस्च्युमस’मधला उपरा ‘एच’: शब्दाचे लॅटिन मूळ शोधताना या चुका टाळा

इंग्रजी बातम्यांत ‘मरणोत्तर’ या अर्थाने भेटणाऱ्या ‘पॉस्च्युमस’ या शब्दाची फोड बरेच जण पाहताक्षणी करून मोकळे होतात. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘हुमुस’ म्हणजे माती, म्हणून मातीआड झाल्यानंतरचा. ही फोड इतकी चपखल बसते की ती चुकीची असेल असा संशयही येत नाही. मूळ लॅटिन शब्द मात्र ‘पोस्टुमुस’ असा असून त्यात मातीचा लवलेश नाही. ‘सर्वांत शेवटचा’ एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातला ‘टुमुस’ हा आपल्या ‘तम’ प्रत्ययाचा भाऊबंद आहे. त्यावरून शेवटचे अपत्य, आणि पुढे पित्याच्या निधनानंतर जन्मलेले अपत्य, असा अर्थ रुळला. इ. स. पूर्व १२ मध्ये रोमन सेनानी अग्रिप्पा वारल्यानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलाला अग्रिप्पा पोस्टुमुस म्हणतात ते यामुळेच. मृत्यूशी जुळलेल्या या संबंधामुळे नंतरच्या लोकांना ‘हुमुस’ आठवला आणि लेखनात ‘एच’ शिरला, जो इंग्रजी स्पेलिंगमध्ये आजही आहे, पण उच्चारात नाही. असे मुके अक्षर दिसले की फोड करण्याआधी कोशातले सर्वांत जुने रूप पाहावे.

दुसरी चूक ठाणेकरांच्या अगदी जवळची आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी जिथे पोहोचली, त्या ‘ठाणे स्टेशन’मधले दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. ‘ठाणे’च्या मागे शिलाहारांच्या काळातील ‘श्रीस्थानक’ आहे, तर ‘स्टेशन’च्या मागे ‘उभे राहणे’ या अर्थाचे ‘स्तारे’ हे लॅटिन क्रियापद. एवढ्यावरून ‘स्टेशन’ संस्कृतातून निघाले असे छातीठोकपणे सांगितले जाते. परंतु संस्कृत आणि लॅटिन यांचे मूळ एकाच प्राचीन भाषेत असल्याने हे नाते बहिणींचे आहे, मायलेकींचे नव्हे.

मधला फ्रेंच टप्पा गाळणे ही तिसरी चूक. घोडबंदर रोडवरील जाहिरातींतल्या ‘पेंटहाउस’मध्ये ‘हाउस’ मुळात नव्हतेच. ‘टांगणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘पेंटिस’चे शेपूट इंग्रजांनी ओळखीच्या ‘हाउस’वर बेतून घेतले. टॉवरच्या माथ्यावरची ही महागडी जागा एके काळी भिंतीला टेकून, उतरत्या छपराने काढलेली साधी पडवी होती.