जुन्या स्टार खेळाडूला असिस्टंट कोच म्हणून घेताना

ज्याच्या नंबरची जर्सी अजूनही स्टेडियमबाहेर विकली जाते, असा माणूस कोचच्या जागेसाठी अर्ज करतो तेव्हा निवड समितीतल्या कुणालाच त्याला प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत. सगळ्यांना त्याच्या तोंडून जुन्या मॅचच्या आठवणी ऐकायच्या असतात. तास निघून जातो, हसतखेळत हस्तांदोलन होतं आणि नेमणूक झाल्यातच जमा धरली जाते. म्हणून सुरुवातीलाच सांगते : या माणसाची मुलाखत इतर उमेदवारांपेक्षा लांब आणि जास्त कडक घ्या.

मी मूळची मिरजेची. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, अ‍ॅथलेटिक विभागात नेमणुकांचं काम बघते. स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला इकडे येऊन अशा विभागांत कामाला लागलेली मराठी मुलं-मुली हल्ली भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फुटबॉल म्हणजे अर्थातच इथला, हेल्मेट घालून खेळायचा.

आधी जागा नीट समजून घ्या. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी. तिच्याही वरच्या गटात हेड कोचच्या हाताखाली 10 असिस्टंट कोच असतात. दहावी जागा 2018 मध्ये वाढली. 2024 च्या उन्हाळ्यात एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, नियम सैल केला, त्यामुळे आता स्टाफमधली इतर माणसंही सरावात प्रत्यक्ष शिकवू शकतात. पण कॅम्पसबाहेर जाऊन हायस्कूलच्या मुलांना आपल्या संघात आणायला भेटायचं, म्हणजे रिक्रूटिंगला जायचं, ते मात्र फक्त हेड कोच आणि ते 10 जण. स्टार खेळाडूच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. पूर्वी त्याला पारखायचं तर या 10 जागांपैकीच एक द्यावी लागे, नाहीतर नुसत्या ऑफिसात बसवावं लागे. आता त्याला अ‍ॅनालिस्ट किंवा क्वालिटी कंट्रोलच्या, म्हणजे फिल्म आणि आकडे तपासायच्या, जागेवर घेऊन वर्षभर मैदानावर शिकवताना बघता येतं. ही सोय वापरा. ती वापरायला नकार देणारा उमेदवार कितीही मोठा असला तरी माझं मत त्याच्या विरोधात जातं.

ज्यांचं चांगलं झालं त्यांचे रस्ते बघा. माइक हार्ट हा मिशिगन विद्यापीठाचा आजवरचा सर्वाधिक यार्ड धावलेला रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा खेळाडू), 5,040 यार्ड. मिशिगनने त्याला रनिंग बॅक कोच केलं ते 2021 मध्ये. त्याआधी तो ईस्टर्न मिशिगन, वेस्टर्न मिशिगन, सिरॅक्युज आणि इंडियाना इथे शिकवून आला होता, म्हणजे जिथे त्याच्या नावाने कुणी उभं राहून टाळ्या वाजवत नव्हतं अशा ठिकाणी. जेम्स लॉरिनायटिस ओहायो स्टेटचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू), तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवडलेला, नंतर अनेक वर्षं एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये. तो 2022 मध्ये नोत्र दामला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला. ही जागा सहसा पंचविशीतल्या पोरांची, फी माफ आणि हातात थोडेसे पैसे. 2023 मध्ये ओहायो स्टेटला पुन्हा त्याच पदावर, आणि 2024 मध्ये पूर्ण वेळ लाइनबॅकर कोच. ब्रायन हार्टलाइन 2017 मध्ये ओहायो स्टेटला क्वालिटी कंट्रोलमध्ये आला. पुढच्याच वर्षी पास झेलणाऱ्या रिसीव्हरांची जबाबदारी त्याच्यावर पडली. त्याच्या हाताखालचे गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे एनएफएलच्या 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, लागोपाठ दहावे आणि अकरावे निवडले गेले.

याला अपवाद आहेत. जिम लिओनार्ड 2016 मध्ये कोचिंगचा काहीही अनुभव नसताना विस्कॉन्सिनला थेट डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीचा, कोच झाला आणि वर्षभरात डिफेन्सचा कोऑर्डिनेटर. पण तो आधी कसा खेळाडू होता ते बघा. स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला, उंचीने लहान, एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, तरी तिथे 10 सीझन टिकलेला. अशा माणसाला प्रत्येक खेळी डोक्याने सोडवावी लागते, त्यामुळे ती दुसऱ्याला सांगायला त्याच्याकडे शब्द असतात. ज्याला सगळं पायांनी आणि डोळ्यांनी आपोआप जमलं, त्याच्याकडे ते शब्द असतीलच असं नाही.

हे शब्द आहेत की नाहीत, ते मुलाखतीतच तपासायचं. माझी पद्धत सांगते. रनिंग बॅकच्या जागेचं उदाहरण घ्या. उमेदवाराला धावण्याबद्दल काही विचारू नका. पास प्रोटेक्शन शिकवायला सांगा. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, मागे सरकतो तेव्हा समोरून ब्लिट्झ येतो, म्हणजे बचावातले जादा खेळाडू त्याच्यावर धावून येतात. लाइनमधले कोणाला अडवणार, रनिंग बॅकच्या वाट्याला कोण, आणि शेवटच्या क्षणी डिफेन्सने जागा बदलली तर काय, हे सगळं मुलाला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. अठरा वर्षांचा रनिंग बॅक मैदानाबाहेर बसतो तो बहुतेकदा याच कारणाने, वेग कमी म्हणून क्वचितच. आणि हे चुकलं तर क्वार्टरबॅकच्या बरगड्या मोडतात.

उमेदवाराला व्हाइटबोर्ड द्या, एक डिफेन्स काढून द्या आणि समोर दोन विद्यार्थी मॅनेजर बसवा, ज्यांनी कधी रनिंग बॅक म्हणून खेळ केलेला नाही. संघातले खेळाडू बसवू नका. सरावाच्या तासांचे नियम कडक आहेत, सीझनमध्ये आठवड्याला 20 तास, आणि उगाच कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या, ऑफिसला डोकेदुखी नको. अर्ध्या तासाने उमेदवाराला बाहेर बसवा आणि त्या दोघांना तीच खेळी तुम्हाला समजावून सांगायला सांगा. त्यांना जमलं तर माणूस शिकवतो. नाही जमलं तर त्याने अर्धा तास नुसतं भाषण केलं.

मी पाहिलेल्यांपैकी एक जण, फार मोठं नाव, फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुम्हाला ते दिसतंच." पोरांनी विचारलं, काय दिसतं? तो पुन्हा म्हणाला, "दिसतंच." माणूस अतिशय सज्जन, पण त्याला स्वतःलाच कधी सांगावं लागलं नव्हतं. दुसरा एक लाइनबॅकर होता, त्याच्याइतका गाजलेला नाही. त्याने मार्कर हातात घ्यायच्या आधी पोरांना विचारलं, "तुम्ही आत्ता पहिल्यांदा कुठे बघितलंत?" आणि त्यांच्या उत्तरापासून सुरुवात केली. त्या प्रश्नावरच मी माझ्या कागदावर खूण केली.

फिल्मची परीक्षाही घ्या, पण त्याच्या स्वतःच्या खेळाची फिल्म लावू नका. तिसऱ्या फळीतल्या मुलाच्या दहा खेळी लावा आणि विचारा, उद्या सरावात याच्याकडून कोणती एकच गोष्ट करून घ्याल? जो दहा चुका मोजतो तो घाईत आहे. एकच चूक निवडून तिच्यासाठी ड्रिल सांगणारा माणूस मला हवा असतो.

रिक्रूटिंगबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. मोठं नाव आणलं की मुलं धावत येतील, असं बूस्टर लोक, म्हणजे संघाला देणग्या देणारे चाहते, सांगतात. हिशेब करून बघा : हार्टचा मिशिगनमधला शेवटचा सीझन 2007 चा. आज हायस्कूल संपवून विद्यापीठाच्या संघासाठी सही करणारी मुलं तेव्हा जेमतेम जन्माला आली होती. नाव ऐकून दार उघडतात ते वडील. मुलगा विचारतो, तुम्ही कुणाला घडवलंत? मग उमेदवाराला विचारा की, ज्या घरात त्याला कुणी ओळखत नाही तिथे आईशी तो काय बोलेल. शुक्रवारी रात्री कुठल्यातरी गावच्या हायस्कूल मैदानावर थंडीत उभं राहायचं, शनिवारी मॅच, रविवारी पुन्हा फिल्म, मंगळवार-बुधवार जोरदार सराव, हे वेळापत्रक छापून त्याच्या हातात ठेवा. शक्य असेल तर त्याच्या पत्नीलाही कॅम्पसवर बोलवा. एनएफएलमध्ये भरपूर कमावलेल्या माणसाला पगाराची ओढ नसते. त्यामुळे नोव्हेंबरमधल्या दगदगीत त्याला कामावर काय टिकवून ठेवणार आहे, ते आधीच कळायला हवं.

चौकशी करताना त्याच्या जुन्या हेड कोचला फोन करालच, तो चांगलंच बोलणार. मी खेळण्याच्या काळातल्या इक्विपमेंट मॅनेजरला, ट्रेनरला आणि अभ्यास घेणाऱ्या ट्यूटरला शोधून काढते. स्टार असताना तो टॉवेल देणाऱ्याशी कसा वागला, हे त्यांना नक्की आठवतं. पोलिसांची आणि एनसीएएच्या नियमभंगाच्या जुन्या प्रकरणांची तपासणी सर्वांसारखीच, गावचा लाडका म्हणून सूट नाही.

पदवीचं विसरू नका. लवकर एनएफएलला गेलेल्या अनेकांची पदवी अर्धवट राहिलेली असते. कोचच्या जागेसाठी पुष्कळ विद्यापीठं ती मागतात, आणि ग्रॅज्युएट असिस्टंट व्हायचं तर ती लागतेच. डिऑन सँडर्सने 2020 मध्ये टॅलाडेगा कॉलेजमधून पदवी पूर्ण केली, त्याच वर्षी तो जॅक्सन स्टेटचा हेड कोच झाला. तेव्हा वयाची अडचण सांगणाऱ्यांचं ऐकू नका, उमेदवाराला आपल्या रजिस्ट्रारकडे घेऊन जा आणि किती क्रेडिट बाकी आहेत ते काढा. हे काम मी स्वतः आनंदाने करते.

हेड कोचशी एकट्याने बोला. त्याला विचारा की प्रेक्षक त्याच्याऐवजी असिस्टंटच्या नावाचा जयघोष करायला लागले तर चालेल का. बूस्टरनी परस्पर त्या माणसाला फोन केले तर काय, पत्रकारांशी कोण बोलणार, हे त्या दोघांनी एका टेबलावर बसून ठरवायला हवं. हेड कोच ऐकून चुळबुळ करत असेल तर नेमणूक थांबवा. नंतर त्रास पोरांना होतो. कुणाचं ऐकायचं हेच त्यांना कळत नाही.

आणि निरोपाची तयारी. कुणाला बोलायला आवडत नाही, पण मला हीच बाजू सर्वांत माणुसकीची वाटते. जॉश ह्युपेल ओक्लाहोमाच्या 2000 सालच्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. पुढे तिथेच कोच झाला आणि जानेवारी 2015 मध्ये त्याला काढलं, तेही ज्यांच्या हाताखाली तो जिंकला होता त्या बॉब स्टूप्स यांनी. ह्युपेल नंतर टेनेसीचा हेड कोच झाला, म्हणजे त्याचं काही अडलं नाही. पण आपल्याच मैदानावरच्या आपल्याच माणसाला घरी पाठवायची वेळ येते, हे खरं. नेब्रास्काने आपल्या 1997 च्या विजेत्या क्वार्टरबॅकला, स्कॉट फ्रॉस्टला, हेड कोच केलं. 16 विजय आणि 31 पराभवांनंतर सप्टेंबर 2022 मध्ये त्यालाही जावं लागलं.

म्हणून करारात पहिल्या दिवशीच लिहा : मुदत किती, मोजमाप कशाचं, मुदतीआधी थांबवलं तर किती रक्कम, आणि कोचिंग संपलं तरी हॉल ऑफ फेममधला त्याचा फोटो, स्टेडियममधला नंबर, माजी खेळाडूंच्या कार्यक्रमातली खुर्ची यांना हात लागणार नाही. शेवटचा भाग कायद्याने करारात बसत नाही असं वकील म्हणाले तर अ‍ॅथलेटिक डिरेक्टरच्या सहीचं वेगळं पत्र द्या. ते पत्र हातात असलं की माणूस पहिल्या वर्षी निर्धास्तपणे शिकवतो, स्वतःचं नाव सांभाळत बसत नाही.

मोजमाप म्हणून मी एक गोष्ट आग्रहाने घालते. जानेवारीत, सीझन संपल्यावर, तो शिकवतो त्या गटातल्या सगळ्यात मागच्या फळीतल्या दोन खेळाडूंना बोलावून विचारायचं, ऑगस्टच्या कॅम्पमध्ये तुम्हाला काय येत नव्हतं आणि आता काय येतं. त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्यायची, आणि तो कागद समोर ठेवूनच मुदतवाढीची बैठक घ्यायची.