बिसीजमधी मॉड टाकायचेत? आधी उसाची ट्रॉली चालवून बघा

परवा वसमतहून मावसभावाचा फोन, दादा मॉड टाकल्यापासनं बिसीज गेम चालूच व्हायलं न्हाई, लोडिंगवरच अडकायलंय. म्हटलं किती टाकलेस रे? तर म्हणे सतरा. एकाच दमात! पंगतीत बसल्यासारखं जे दिसलं ते वाढून घेतलं गड्यानं. म्हणून लिहायलोय.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, ही स्पायडरलिंग स्टुडिओजची गेम, 2015 ला अर्ली अॅक्सेसमधी, म्हणजे अर्धवट तयार असतानाच, विकायला आली न् 2020 ला पूर्ण झाली. ठोकळे, चाकं, बिजागऱ्या, तोफा जोडून गाडी बनवायची आणि समोरचा किल्ला पाडायचा. मॉड स्टीमच्या (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या) वर्कशॉपवर फुकट मिळतात, पण तिथं तयार मशीन, लेव्हल, स्किन सगळं एकाच दुकानात मांडलेलं असतं, त्यामुळं कुणाची तरी गाडी सबस्क्राइब करून मॉड टाकला म्हणून बसू नका. मॉड म्हणजे गेमलाच नवा पार्ट नाहीतर नवं टूल.

आधी बॅकअप. गेमच्या फोल्डरात 'बिसीज डेटा', त्यात 'सेव्हड मशीन्स', तिथल्या सगळ्या बीएसजी फायली पेनड्राइव्हवर घ्या. दोन मिनिटाचं काम, पण आळस लई करतात लोक.

मग एकच मॉड सबस्क्राइब करा, डाउनलोड होऊ द्या, मेन मेनूतल्या मॉड्समधी जाऊन चालू करा, गेम एकदा बंद करून परत उघडा, जुनी गाडी चालवून बघा. नीट चालली तरच दुसरा. वर्कशॉपच्या पानावर अजून एखादा मॉड लागतो असं लिहिलेलं असलं तर आधी तो टाका.

माझा पहिला मॉड स्लायडरची, म्हणजे पार्टचं वजन-बिजन कमीजास्त करायच्या पट्टीची, लिमिट काढणारा होता, न् त्यानंच मला शिकवलं. ऊस घेऊन कारखान्याला जाते तसली गाडी मी केली, पुढं ट्रॅक्टरचं मुंडकं, मागं दोन ट्रॉल्या. ओढायला लागलं की पुढची चाकं वर, अगदी आपल्या रोडवर दिसतं तसंच. म्हणून मुंडक्यापुढं बॅलास्ट, म्हणजे नुसता वजनासाठीचा ठोकळा, लावला. आता लिमिट नाही म्हणल्यावर वजन दिलं ढिगानं वाढवून, आणि प्ले दाबल्या दाबल्या बॅलास्ट तुटून खाली, ट्रॉल्या थरथरत उड्या मारायलेल्या! झालं काय, मॉडनं वजन वाढलं पण जॉइंटची ताकद होती तेवढीच राहिली. त्यात हलक्या ठोकळ्याला लई जड ठोकळा जोडला की गेमच्या फिजिक्सला तो जोड सांभाळताच येत नाही. उपाय साधा, वजन एका जागी कोंबू नका, तीन-चार ठोकळ्यांत वाटा आणि ब्रेसनं (दोन ठोकळे आवळून धरणाऱ्या दांडीनं) आडवे-तिरपे आवळा. मुंडकं बसलं जागेवर.

मॉडचे पार्ट लावलेली गाडी मित्राला दिली आणि त्याच्याकडं तो मॉड नसला तर ते पार्ट गायब, गाडी लंगडी. मल्टिप्लेअरलाही सगळ्यांकडं सारखेच मॉड ठेवा.

लॅपटॉप जुना असंल तर वरचा टाइम स्लायडर (गेमचा वेग ठरवणारी पट्टी) कमी करा, प्रत्येक ठोकळ्याचं गणित वेगळं होतं त्यामुळं मोठी गाडी प्रोसेसरला घाम फोडते.

मावसभावाला सतराच्या सतरा बंद करायला लावले. एकेक चालू करत गेला, नवव्यावर अडकलं. तेवढा एक काढला, बाकीचे सोळा मजेत चालायलेत.