दम्याचा पंप नीट कसा घ्यावा आणि घरच्यांनी काय पाहावे

आमच्या आत्याला ३० वर्षे दमा होता. लग्नकार्यात धाप लागली की ती पंप पदराखाली धरून मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जात असे आणि घाईघाईने एक फवारा तोंडात मारून परत येत असे. तिच्या मुलीची स्थळे पाहणे चालू होते आणि आईला दमा आहे हे चारचौघांत कळू नये, एवढीच तिची काळजी होती. त्या फवाऱ्यांतले औषध फुफ्फुसांपर्यंत पोचत असेल का, याचा विचार घरात कोणीच केला नाही.

पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, ही समजूत आधी मनातून काढावी. पंपाची सवय लागत नाही. आजार दीर्घकाळ राहणारा असल्यामुळे औषध दीर्घकाळ लागते. शिवाय पंपातील मात्रा अगदी थोडी असते. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे दोन फवारे मिळून २०० मायक्रोग्रॅम औषध होते, तर त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातून रक्तात मिसळून सर्व शरीरभर फिरते. गोळी घेतल्यावर हात थरथरतात, छातीत धडधडते, ते बव्हंशी यामुळेच.

दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते आणि त्रास नसलेल्या दिवशीही ती पुष्कळदा टिकून असते. धूळ, धूर किंवा सर्दीचे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि छातीत घरघर सुरू होते. म्हणून औषधेही दोन प्रकारची असतात. एक आवळलेले स्नायू लगेच सैल करते. दुसरे, म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड, सूज हळूहळू उतरवते. बहुतेक रुग्ण पहिलेच जवळ करतात, कारण त्याचा आराम पाच मिनिटांत जाणवतो, आणि बरे वाटू लागताच दुसरे बंद करतात. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘गिना’ या संस्थेने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर राहू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. काही रुग्णांना दोन्ही औषधे एकत्र असलेला एकच पंप दिलेला असतो. आपला पंप कोणता, तो रोज घ्यायचा की त्रास झाल्यावर, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. पंपाच्या रंगावरून अंदाज बांधू नये.

आता पंप घेण्याची रीत. शक्य असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, अवश्य वापरावी, मोठ्या माणसांनीही. ताठ बसावे, टोपण काढून पंप चांगला हलवावा आणि स्पेसरच्या मागच्या तोंडात बसवावा. आधी श्वास सावकाश पूर्ण सोडावा. मग स्पेसरचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, पंप एकदाच दाबावा आणि लगेच तोंडाने हळूहळू खोल श्वास घ्यावा. तो जमेल तर मनात दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरावा. दुसरा फवारा घ्यायचा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, हीच कृती करावी. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडू नयेत. लहान मुलांसाठी स्पेसरला मास्क लावून तो नाकातोंडावर घट्ट बसवावा. स्टिरॉइडचा पंप झाल्यावर गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो.

स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास प्लास्टिकमध्ये स्थिर वीज निर्माण होते आणि औषध आतल्या भिंतींनाच चिकटून बसते. फवारे मोजायचा आकडा पंपावर नसेल तर पंप सुरू केल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी. २०० फवाऱ्यांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी ५० दिवसांत संपतो. त्यानंतरही दाबल्यावर ‘फुस्स’ आवाज येत राहतो, पण त्यात औषध असेलच असे नाही.

कोणाला कशाचा त्रास होतो ते एका वहीत टिपत जावे, कारण ते माणसागणिक वेगळे असते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना धरणारी बुरशी, दिवाळीपूर्वीची माळ्याची झाडलोट, फटाके, डासांची कॉइल, धूप, मिरचीच्या फोडणीचा खाट, गाजरगवत आणि उसाचे पाचट जाळल्याचा धूर ही नेहमीची कारणे आहेत. मात्र सरसकट दही, केळी, भात बंद करून मुलाला अशक्त करू नये. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल तरच तो टाळावा. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. श्रद्धेने कोणी ते घेतले तरी त्या भरवशावर चालू पंप थांबवू नये, एवढे मात्र मी हात जोडून सांगते.

महिन्यातून एकदा स्वतःला विचारावे: गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, आरामाचा पंप तितक्यांदा लागला का, रात्री खोकल्याने जाग आली का, जिना चढणे किंवा खेळणे टाळावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटावे. औषध वाढवण्याआधी त्यांच्यासमोर पंप घेऊन दाखवावा. पुष्कळदा चूक तिथेच सापडते.

अटॅक आल्यास रुग्णाला आडवे करू नये. ताठ बसवावे, कपडे सैल करावेत आणि आरामाचा पंप स्पेसरमधून एकेक करून चार वेळा द्यावा, दर फवाऱ्याला चार श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा तेवढेच फवारे द्यावेत आणि १०८ ला फोन करावा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर वाट न पाहता आधी फोन करावा. धाप चालू असताना घरघर एकाएकी थांबली तर तो उतार समजू नये. हवा आतच जात नसल्याचे ते लक्षण असू शकते. गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत, आणि निघताना पंप, स्पेसर व डॉक्टरांचा कागद पिशवीत घालून किती वाजता किती फवारे दिले ते त्याच कागदामागे लिहावे.