मोतीला गाडीत एकटं ठेवलं तेव्हा

मार्चमध्ये सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलो, आमच्या कुत्र्याला, मोतीला, कॅम्परव्हॅनमध्ये (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत) ठेवून. छताचा पंखा चालू, खिडक्या चार बोटं उघड्या. रांगेतून परत येतो तर पंखा बंद, फ्यूज उडालेला. मोती नुसता धापा टाकत होता, लाळ चिकट, हिरड्या लालभडक. सावलीत नेऊन पोटावर, पंजांवर साधं पाणी ओतलं, टॉवेलनं वारा घातला आणि तसंच डॉक्टरांकडे पळालो. वाचला बिचारा.

उन्हात गाडी 10 मिनिटांत साधारण 10 अंशांनी तापते, फट ठेवून फारसा फरक पडत नाही. आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही हो!

आता आळीपाळीनं दर्शन. आधी ही जाते, मी मोतीजवळ झाडाखाली. एकटा राहतो तो फक्त पहाटे, निपाणीजवळ चहापुरता, तेही गाडी नजरेसमोर.