पुन्हा गुन्ह्याचा धोका लिहिताना: सामाजिक तपासणी अहवालातल्या या चुका टाळा

"सदर बालकाची संगत वाईट असून घरची परिस्थिती हलाखीची आहे. भविष्यात पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाकारता येत नाही."

अहवालाच्या शेवटच्या पानावर हे वाक्य इतक्यांदा येतं, की गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळातले सदस्यही ते वाचायचं सोडून सहीकडे नजर टाकतात. शक्यता तर कुणाचीच नाकारता येत नाही, तलाठ्याचीही नाही. पण या एका ओळीवर पोराचं बरंच काही अडकलेलं असतं. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे मूल मंडळासमोर पहिल्यांदा हजर झाल्यापासून 15 दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने हा अहवाल द्यायचा असतो. परिविक्षा अधिकारी नसेल तर बालकल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता ते काम करतो. पुढे कलम 18 खाली आदेश काढताना मंडळ गुन्ह्याच्या स्वरूपासोबत या अहवालातली परिस्थिती आणि मुलाचं आधीचं वागणं पाहतं. समज देऊन घरी पाठवायचं, परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडायचं, की विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवायचं, हे त्यावर ठरतं.

धोका लिहायचा म्हणजे चार गोष्टी लिहायच्या: कशाचा धोका, कोणत्या परिस्थितीत, साधारण किती काळ आणि काय केलं तर तो उतरेल. यातली एक जरी गाळली तरी उरतं ते पोरावरचं मत. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत काम करताना हे कुठे चुकतं, ते बघू.

संगत वाईट म्हणजे नेमकी कुणाची?

समजा पंधरा वर्षांचा पोरगा आहे. रात्री कुणाच्या तरी वावरातली मोटरपंपाची केबल कापल्याचा, ती जाळून तांबं काढल्याचा आणि कबाड्याला विकल्याचा आरोप आहे. सोबत आणखी दोघं होते. अहवालात येतं: संगत वाईट. आता त्याच घरी ओसरीवर बसून आजीशी बोललं तर ती म्हणते, "थो तसा खराब पोट्टा नाई जी. रातच्याले फटफटीवाला येते, हाक मारते, मंग थो जाते."

आजीच्या या एका वाक्यात छापील नमुन्याच्या दोन पानांपेक्षा जास्त माहिती आहे. वेळ रात्रीची आहे. बोलावणारा ठरलेला माणूस आहे. पोरगा स्वतःहून निघत नाही, हाक आली की जातो. आता पुढचं विचारायचं. फटफटीवाला कोण, वय काय, या घराचं त्याच्याशी काही देणंघेणं आहे का? बापाने त्याच्याकडून उसने घेतलेत का? कबाडी कोणत्या गावचा, आणि विकून आलेल्या पैशातले पोराच्या हातात किती पडले? बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपये आणि एक खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), एवढंच उत्तर येतं. फटफटीवाला अठरा वर्षांवरचा असेल तर मामला आणखी वेगळा होतो, कारण मुलांना बेकायदेशीर कामात वापरणाऱ्या प्रौढाला कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत दप्तरातून बाटल्या पोहोचवणाऱ्या पोरांबाबतही हेच. त्यासाठी कलम 78 वेगळं आहे. त्या पोराला 'दारू तस्कर' लिहून मोकळं होण्याआधी त्याच्या दप्तरात माल भरणारा कोण, हे लिहा.

मग या केबलवाल्या पोराबद्दलचा परिच्छेद असा होऊ शकतो: "रात्री गावातील एका प्रौढ व्यक्तीच्या बोलावण्यावरून बाहेर पडल्यास मुलगा वावरातील किरकोळ चोरीत ओढला जाण्याचा धोका पुढील काही महिने मध्यम स्वरूपाचा वाटतो. कापूस वेचणीच्या काळात आई-वडील बाहेरगावी असल्याने तो वाढतो. या काळात मुलगा मामाकडे राहिला व तिथून शाळेत गेला तर धोका कमी होईल. मामाशी बोलणे झाले असून त्याची तयारी आहे. हिंसेचा पूर्वेतिहास आढळला नाही."

यात 'पुन्हा' हा शब्द कुठेच नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. चौकशी सुरू आहे, मंडळाचा निष्कर्ष यायचा आहे आणि कायद्याच्या कलम 3 मधलं पहिलंच तत्त्व निर्दोषत्वाच्या गृहीतकाचं आहे. 'बालकाने माझ्यासमोर गुन्हा कबूल केला' हे वाक्यही याच कारणाने अहवालात नको. तपास पोलिसांचा असतो, आपल्याला परिस्थिती मांडायची असते.

बेडा, तांडा आणि जुना संशय

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पारधी बेड्यावरचा (वस्तीवरचा) पोरगा असला की अहवालाचा सूर पहिल्या ओळीपासून बदलतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण 'पार्श्वभूमी गुन्हेगारी स्वरूपाची' हे शब्द आजही सहज लिहिले जातात. पार्श्वभूमी कुणाची? बापाला कधीतरी संशयावरून उचललं होतं, त्याची? की पोराची स्वतःची?

याचं गणितही चुकतं. आधीचा पोलीस संपर्क हा धोका मोजण्यातला मोठा घटक मानतात, आणि ते खरंही आहे. पण जिथे गावात काही झालं की पहिली गाडी बेड्यावरच येते, तिथल्या पोराचा 'संपर्क' कुणब्याच्या पोरापेक्षा आपोआप जास्त भरतो, त्याने काही केलेलं नसलं तरी. म्हणून आधीच्या नोंदी लिहिताना प्रत्येकीपुढे शेवट काय झाला ते लिहा: मंडळापुढे प्रकरण गेलं का, निष्कर्ष काय निघाला, की नुसतं चौकशीला बोलावून सोडलं. ज्या नोंदीचा शेवट सापडत नाही ती धोक्यात धरू नका.

गरिबीचंही तसंच आहे. कुडाचं घर, भूमिहीन मजूर, बाप पितो, अशा ओळी एकाखाली एक लिहिल्या की धोका आपोआप 'जास्त' दिसायला लागतो. पण हे वर्णन अर्ध्या गावाला लागू पडतं आणि अर्धं गाव काही चोऱ्या करत नाही. ज्या गोष्टीचा या पोराच्या वागण्याशी धागा जोडून दाखवता येतो तेवढीच धोक्याच्या परिच्छेदात घ्या. बाकीची मदतीच्या गरजेखाली लिहा.

कुलूप, हजेरीपट आणि हंगाम

नोव्हेंबर ते जानेवारीत गृहभेटीला गेलात आणि घराला कुलूप दिसलं तर 'पालक बेजबाबदार' लिहू नका. माणसं वेचणीला गेलेली असतात, कुणी वीटभट्टीवर. संध्याकाळी सातनंतर जा, किंवा बाजाराच्या दिवशी गाठा. पोलीस पाटील किंवा आशाताईंकडे आधी निरोप ठेवला तर फेरी वाया जात नाही.

शाळेच्या बाबतीत 'सतत गैरहजर' हे शब्द मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकून लिहिण्यापेक्षा हजेरीपट मागा. पोरगा दिवाळीनंतर दोन महिने गायब, मग हजर, पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये गैरहजर असं दिसलं तर पहिली गैरहजेरी कापसाची आणि दुसरी मोहफुलांची. शाळेशी नाळ तुटलेली नाही, हंगाम आला की ती सुटते. याउलट जुलैपासून सलग गैरहजेरी असेल आणि घरचे "शाळेतच जातो" म्हणत असतील, तर तो पोरगा दिवसभर कुठे असतो हे शोधायलाच हवं. दोन्ही प्रकारांत टक्केवारी सारखीच येऊ शकते.

गुन्हा गंभीर म्हणून धोका जास्त?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रोज एकत्र होतात. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून गेले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागला. त्याच्या कलम 4 खाली किमान शिक्षा दहा वर्षांची, म्हणून बाल न्याय कायद्यात प्रकरण 'निर्घृण' गटात जातं. मुलगा सोळा पूर्ण असल्याने बाल न्याय कायद्याच्या कलम 15 चं प्राथमिक मूल्यमापनही येतं, म्हणजे खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरवण्यासाठीचं. एवढं सगळं झाल्यावर अहवाल लिहिणाऱ्याचा हात 'अति धोका' या शब्दाकडे वळतोच. पण हा मुलगा पुढे कुणाला इजा करेल असं म्हणायला आधार काय? जबरदस्ती होती का, वयातलं अंतर किती, आधी अशी तक्रार होती का, हे तपासून मगच लिहा. उलट बाजूने, किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या मोबाइल चोऱ्या तीन-चार महिन्यांच्या अंतराने होत असतील तर तिथे पुन्हा घडण्याचा संभव खूप जास्त असतो.

शिवाय कलम 15 चं मूल्यमापन हे धोक्याचं मूल्यमापन नाहीच. तिथे प्रश्न असतो तो कथित कृत्य करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्य कोणत्या परिस्थितीत झालं, एवढाच. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात यासाठी मानसशास्त्रज्ञांची मदत घेण्यावर भर दिला. एका कागदातला परिच्छेद दुसऱ्यात चिकटवू नका.

परदेशी गुणपत्रिका

प्रशिक्षणातून हल्ली धोका मोजण्याच्या तपासणी याद्या हातात येतात. कॅनडातली वायएलएस-सीएमआय ही 42 बाबींची आणि आठ विषयांची: आधीचे गुन्हे, कुटुंब, शिक्षण-रोजगार, मित्र, व्यसन, फावला वेळ, स्वभाव, दृष्टिकोन. दुसरी सॅव्हरी, हिंसेच्या धोक्यासाठीची, 24 धोक्याच्या आणि 6 संरक्षक बाबींची. याद्या चांगल्या आहेत. नुसत्या अंदाजापेक्षा ठरलेल्या विषयांवरून विचार करणं केव्हाही बरं, आणि मी त्या वापरण्याच्या बाजूचाच आहे. पण बेरीज करून 'गुण 19, मध्यम धोका' असं लिहू नका. ते कमी-जास्तीचे टप्पे तिकडच्या पोरांवरून बसवलेले आहेत. फावल्या वेळात संघटित खेळ नाही म्हणून गुण चढवायचा, तर शाळा सुटल्यावर बकऱ्या चारायला नेणाऱ्या मेळघाटातल्या पोराला तो कायमच चढणार. विषय तिकडचे घ्या, उत्तरं इथली लिहा.

सॅव्हरीतल्या त्या सहा संरक्षक बाबींची आठवण मात्र ठेवा. आपल्या अहवालांत या बाजूला बहुधा कोरी जागा असते. पोराला ऐकावंसं वाटतं असं गावात कोण आहे? मामा, कबड्डी शिकवणारे गुरुजी, गॅरेजवाला दादा? त्याला भेटा, काय करायला तयार आहे ते विचारा आणि नात्यासह लिहा. 'नातेवाइकांचा आधार आहे' याने मंडळाला काहीच करता येत नाही.

काही छोट्या चुका

खर्रा खातो म्हणून 'व्यसनाधीन' लिहिणं. खर्रा वाईटच, सोडवायलाही हवा, पण तो अख्खं गाव खातं. दारू, गांजा, सोल्युशन हुंगणं, आणि त्यासाठी पैसे कुठून येतात, हे वेगळं विचारा.

'पश्चात्ताप दिसत नाही' हा शेरा. कोरकू किंवा माडिया बोलणारं पोर मराठीतल्या प्रश्नाला मान खाली घालून गप्प बसतं, त्याचा पश्चात्ताप कसा दिसणार? त्याची भाषा येणारं माणूस सोबत घ्या. ते माणूस पोराच्या गावचं नसलेलं बरं.

निरीक्षण गृहातल्या (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथल्या) वागण्यावरून निष्कर्ष. तिथे शांत असलेला पोरगा घाबरलेलाही असू शकतो, आणि आरडाओरडा करणाऱ्याला कदाचित घरचं कुणी भेटायलाच आलेलं नसतं. गावाहून दोन बस बदलून येणं मजुरी बुडवून परवडत नाही.

कमी धोक्याच्या पोरालाही 'थोडी शिस्त लागेल' म्हणून आत ठेवण्याची शिफारस. बिघडलेल्या संगतीचा धोका अभ्यासकांनी वारंवार दाखवला आहे, आणि ती संगत आपणच पुरवतो. कलम 12 मध्ये जामीन हा नियम आहे. तो नाकारायला ज्ञात गुन्हेगाराशी संबंध येण्याचा, मुलाला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका असल्याचा किंवा न्यायाचा उद्देश विफल होण्याचा वाजवी आधार लागतो. घरचे जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करू शकले नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. गरिबीमुळे पोरगा आत राहिलाय हे दिसलं की तसं मंडळाच्या कानावर घाला.

एकदा लिहिलेला धोका कायमचा धरणं. बहुसंख्य पोरं वय वाढेल तशी यातून आपोआप बाहेर पडतात. मामाकडे गेलेला पोरगा परत आला, फटफटीवाला आत गेला, बाप वारला, यातलं काहीही झालं की जुना परिच्छेद बाद. परिविक्षेच्या प्रत्येक अहवालात तो नव्याने लिहा.

गृहभेटीत एक सांभाळा. पोराची चौकशी चावडीवर, चार माणसांत करू नका, आणि माहितीसाठी त्याचं नाव गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, पोलीस पाटलांनी सुचवलं तरी. कलम 99 प्रमाणे हे अहवाल गोपनीय आहेत. मुलाची ओळख प्रसारमाध्यमांत किंवा कुठल्याही संपर्कमाध्यमातून उघड करण्याला कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. शेजाऱ्यांना विचारायचंच असेल तर शाळेच्या योजनेचं किंवा शिष्यवृत्तीचं निमित्त काढून खोटं बोलू नका, ते गावात तासाभरात उघडं पडतं. 'मुलांच्या कामासाठी आलोय' एवढं पुरतं, तेही खरंच असतं, आणि चहा घेतला की लोक बाकीचं स्वतःच सांगतात.