आधी पाणी, मग टाकी, मासे सर्वांत शेवटी

दुकानात मासे पसंत करायचे आणि घरी येऊन पाण्याचा विचार करायचा, हा क्रम उलटा आहे. गोव्यात तर तो हमखास महागात पडतो, कारण एकाच वाड्यावरच्या दोन घरांचं पाणी सारखं नसतं. नळाला ओपा, साळावलीसारख्या जलप्रकल्पाचं पाणी, परसातल्या विहिरीला जांभ्यातून झिरपलेलं, आणि घर खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) कडेला असेल तर विहीर मे महिन्यात मचूळ. त्यामुळे यादीतलं पहिलं काम टाकीचं नाही, बादलीचं.

मासे आणायच्या किमान सहा आठवडे आधी, टाकीत जे पाणी घालणार त्याची एक बादली भरा. थेंबांचं टेस्ट किट घ्या. पट्ट्यांचे रंग दमट हवेत लवकर बिघडतात. किटमध्ये पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि केएच या पाच तपासण्या हव्यात. पीएच लगेच मोजा, मग बादलीत एअर पंपचा दगड सोडून २४ तासांनी पुन्हा मोजा. विहिरीच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच वर सरकतो. टाकीतल्या माशाला मिळणार आहे तो हा दुसरा आकडा. पाण्यावर तांबूस साय धरली तर लोह आहे. तेही हवा खेळवली की खाली बसतं, वरचं नितळ पाणी वापरायचं. चव मचूळ लागली तर टीडीएस मीटर लावून बघा, पण त्या एकाच आकड्यावर विसंबू नका. क्षार किती ते मीटर सांगतो, कुठले ते सांगत नाही.

खरी मेख केएचमध्ये आहे. केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, पीएचला धरून ठेवणारा. जांभ्याच्या भागातलं पाणी बहुतेकदा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लधर्मी असतं, साठा एखाद-दुसरा अंश. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवताना हाच साठा खर्च करतात. तो संपला की पीएच सहाच्या खाली घसरतो, मग जिवाणूही थंडावतात आणि अमोनिया साचू लागतो. वरून पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं, आणि दोन-तीन महिने बरी चाललेली टाकी एका आठवड्यात रिकामी होते. लोक मग माशांच्या रोगाचं औषध शोधत फिरतात.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या मांसाचा कण न ठेवता घासा, पंधरा मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा, जाडसर कुटा. ६० लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या वाटेत ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या जास्त विरघळतात, पीएच वर गेला की हळूहळू थांबतात, त्यामुळे चुकून जास्त पडल्या तरी एकदम उलथापालथ होत नाही. केएच ३ ते ४ अंशांवर राहिला की झालं. घाईच असेल तर ६० लिटरला साडेतीन ग्रॅम खायचा सोडा केएच सुमारे दोन अंशांनी वाढवतो. तो दोन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून घाला. मासे आत असताना पीएच एका दिवसात अर्ध्या अंकापेक्षा जास्त हलवू नये.

नळाच्या पाण्याचा प्रश्न वेगळा, तिथं क्लोरीन काढायचा असतो. हवा खेळवून २४ तास ठेवलं तरी तो जातो. सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरायचे तर क्लोरीनच्या दर मिलिग्रॅमला साधारण ७ मिलिग्रॅम लागतात. म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर २० लिटरच्या बादलीला पाव-तृतीयांश ग्रॅम पुरतं.

टाकीचं फार सांगण्यासारखं नाही. दोन फुटांची, २४ × १२ × १५ इंच. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून ६१ ने भागलं की लिटर मिळतात, इथं ७०. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५५ ते ६०. त्याहून लहान टाकी स्वस्त दिसते, पण कमी पाण्यात चूक लवकर जीव घेते. खडी-काचेसह वजन ९० किलोच्या आसपास जातं, म्हणून स्टँड लोखंडी किंवा मरीन प्लायचा. साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो आणि काचेच्या एका कोपऱ्यावर ताण येतो. खाली थर्माकोलची शीट हवी. जागा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) नको, कितीही शोभली तरी. सकाळचं ऊन तिथं पाणी तापवतं आणि काच हिरवी करतं. खडी २ ते ४ मिलिमीटरची, नदीची. किनाऱ्यावरची वाळू आणू नका, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा बेहिशेबी चुरा असतो. शंका असेल तर खड्यांवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुना आहे. फिल्टर तासाला ३०० लिटर पाणी फिरवणारा, आणि सोबत हवेवर चालणारा एक स्पंज फिल्टर. एअर पंपच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात उतरतं. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आता फिल्टरमध्ये ते अमोनिया पचवणारे जिवाणू रुजावेत म्हणून चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालवायची. हे सगळ्यांना जड जातं, आणि बहुतेक मासे मरतात ते इथल्याच घाईमुळे. फिल्टर, दिवा, हवा सगळं चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका, किंवा अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर आणा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागतं. घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया २४ तासांत शून्य, आणि नायट्राइटही शून्य, असं झालं की टाकी तयार. तिसऱ्या आठवड्यात सगळं अडकल्यासारखं वाटलं तर पीएच बघा. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावलेले असतात. चालू टाकी असलेल्या ओळखीच्या कुणाकडून जुन्या स्पंजचा तुकडा मिळाला तर निम्मा वेळ वाचतो.

पाण्याचा आकडा हातात आला की माशांची निवड सोपी होते. पण त्याआधी उष्णता. एप्रिल-मे मध्ये घरातल्या टाकीचं पाणी ३० अंशांवर सहज जातं. काचेवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने ते उतरतं, पण आपल्या दमट हवेत एखाद-दोन अंशांपेक्षा जास्त आशा धरू नये. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसात. म्हणून गोल्डफिश इथं नकोच. तो थंड पाण्याचा, घाण भरपूर करणारा आणि वाढणारा मासा आहे, गोल भांड्यात तर त्याचे हालच. निऑन टेट्राही २६ अंशांच्या पुढे खंगत जातो. तसाच लाल-निळा दिसणारा कार्डिनल टेट्रा उष्णता जास्त सोसतो, चार पैसे जास्त लागले तरी तो घ्या.

मऊ पाण्याच्या दोन फुटी टाकीत एक जमणारं कुटुंब असं: मधल्या थरात आठ हार्लेक्विन रासबोरा किंवा कार्डिनल, तळाला सहा कोरिडोरास, वरच्या थरात एक हनी गुरामी. कोरिडोरासमध्ये स्टर्बाय ही जात उष्णता चांगली सोसते. थवे करून राहणारे मासे दोन-तीन आणले तर भित्रे होतात, कोपऱ्यात बसतात, खाणं सोडतात. सहाच्या खाली जाऊच नका. पाणी कठीण असेल, किंवा विहीर थोडी मचूळ असेल, तर मोली, गप्पी, प्लॅटी घ्या. हेच मासे मऊ पाण्यात पर मिटून जागच्या जागी डोलत राहतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला दमवून मारतो. पिल्लं होणारच, त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा.

न जमणाऱ्या जोड्या दुकानात शेजारी-शेजारी पोहताना दिसतात, त्यावर जाऊ नका. एंजल लहान असताना टेट्रांशी गुण्यागोविंदाने राहतो, मोठा झाला की एका रात्रीत त्यांना गिळतो. टायगर बार्ब एंजल आणि गुरामीच्या लांब परांचे तुकडे तोडतो. फायटर नर एकटाच बरा. गप्पीची रंगीत शेपटी त्याला दुसरा नरच वाटते. काच साफ करायला म्हणून आणलेला दोन इंचांचा सकर दीड फुटापर्यंत वाढतो आणि घाण साफ करण्यापेक्षा करतो जास्त. बाला शार्क फुटाच्या वर जातो. असे वाढलेले मासे व्हाळात किंवा तळीत सोडणं हा उपाय नव्हे, ते तिथल्या माशांच्या मुळावर येतात. दुकानदाराला परत द्या. आणि काळुंदर आपला म्हणून टाकीत ठेवावा असं वाटतं खरं, पण वीतभर वाढणारा हा मासा दोन फुटी काचेत मावत नाही. त्याची जागा मानशीच्या (खाजनाच्या झडपेच्या) पाण्यात. त्याचाच छोटा नातेवाईक, पिवळाधमक ऑरेंज क्रोमाइड, मोठ्या टाकीत किंचित मचूळ पाण्यात छान राहतो.

खरेदीच्या दिवशी मासे कधी आले ते विचारा. आपल्याकडचे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून लांबचा प्रवास करून येतात, दुकानात आठवडाभर टिकलेलेच घ्या. समोर खाद्य टाकायला सांगा, जो खात नाही तो नको. पर मिटलेला, पोट खपाटीला गेलेला, किंवा ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसतो त्यातला कुठलाही नको. पिशवी सावलीत आणा, टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग माशांना भांड्यात घेऊन अर्धा-पाऊण तास टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. पिशवी पाच-सहा तास बंद राहिली असेल तर एवढा वेळ लावू नका. उघडताच कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

मासेही थेट मुख्य टाकीत सोडायचे नाहीत, आधी वेगळ्या टबात. २५ लिटरचा टब, त्यात आधीच मुख्य टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर, आणि तीन आठवडे वेगळं राहणं. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले तर तो इक, परजीवीचा रोग. हीटर लावून पाणी ३० अंशांवर, हवा जोरात, बिनआयोडीनचं मीठ लिटरला १ ते २ ग्रॅम. कोरिडोरास आणि टेट्रांना एकाच्या पुढे नको. ठिपके गेले म्हणून थांबू नका. परजीवी तळाला पडून वाढतात आणि औषध त्यांना फक्त मोकळे पोहताना गाठतं, म्हणून किमान दहा ते चौदा दिवस. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत घालू नका, फिल्टरचे जिवाणू मारतं आणि काचेचा सिलिकॉन कायमचा निळा करतं.

दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायचं, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. डबे लहान घ्या, पावसाळ्यात खाद्याला बुरशी धरते.

जूनच्या पहिल्या वादळाआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: बॅटरीवरचा एअर पंप, साठवलेलं ४० लिटर पाणी आणि टेस्ट किट. नळाचं पाणी गढूळ आलं की साठवलेलं वापरा. पावसाने विहिरीचं पाणी बदलतं, तेव्हा पीएच-केएच पुन्हा मोजा. वीज काही तास गेली तर बॅटरीचा पंप लावा, खायला देऊ नका. बंद पडलेल्या फिल्टरमधलं कुजकट पाणी ओतून टाकून मगच तो सुरू करा.

चवथीला मूळ घरी जाताना माशांची काळजी करू नये. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, दिवा टायमरवर टाका, आणि शेजारच्यांकडे किल्ली दिलीत तरी खाद्याचा डबा कपाटात बंद करून जा.